एक्केचाळीस रिकाम्या खोक्यांची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, पंखे दुरुस्त करणारा कारागीर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाविना लिहितो. आज मी पूर्ण शुद्धीवर आहे. परवा दुपारी नव्हतो.

१. तीन वर्षांपूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मागच्या खोलीतले एक्केचाळीस खोके, 'कधीतरी लागेल' म्हणून जपलेल्या सामानासह, मुलीला दिले होते. परवा ती आवरायला आली. म्हणाली, "बाबा, एकेक वस्तू हातात घ्यायची. ठेवायची, द्यायची की टाकायची, शांतपणे ठरवायचं."

पहिला खोका उघडला. रिकामा. दुसरा रिकामा. थेट एक्केचाळिसाव्यापर्यंत रिकामे! आत फक्त पत्नीच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या: 'टेबलदिवा, शिंप्याला.' 'छोटा पंखा, नर्सबाईंना.' मी पत्नीला हाक मारून बोलावले.

"अगं, हे केलंस कधी?"

"तुम्ही दुकानात असायचात तेव्हा. बावीस वर्षांत एक तरी खोका उघडून बघितलात का?"

 

२. घर आणि बँकेतले जे असेल ते पत्नीचे, तिच्यामागे मुलीचे. मागची खोली मोकळीच राहावी. तिथे खिडकी आहे, हे मी चक्क विसरलो होतो. पत्नीने तिथे खुर्ची मागितली होती, तेव्हा मी म्हणालो होतो, "जागा कुठाय?" खुर्ची कालच ठेवली आहे. ती कोणीही हलवू नये.

३. रोजच्या वापरातली हत्यारे, म्हणजे पकड, टेस्टर आणि दोन स्क्रू ड्रायव्हर, जो वापरेल त्याला. जपून ठेवणाऱ्याला मुळीच नाही.

४. जावयाने माझ्या सामानाला भंगार म्हटले, म्हणून सहा वर्षे मी त्याच्याशी धड बोललो नाही. त्याला माफ केले. शब्द मात्र त्याने मागे घ्यावा; भंगार इतक्या घरांत चालले नसते.

५. शाळेत मी ओढ्याची कविता चालीवर म्हणायचो, गुरुजी डोळे मिटून ऐकायचे. कुठे न साठता पुढे जाणारे ते पाणी! अजून अंघोळ करताना गुणगुणतो. पाठ मला होती. तशी वागत होती पत्नी. माझी कवितांची वही तिला द्यावी.

 

ठिकाण: मागची खोली, खिडकीपाशी
दिनांक: ९ मार्च

साक्षीदार:
१. शिंपी, तळमजला. (काका, दिवा मशीनवरच आहे. परत आणू का?)
२. नर्सबाई, समोरचे दार. (पंखा छान चालतो.)

माझ्या हस्ते: आणू नये. चालू राहू द्यावे.