गोणी मेल्यावर कोणालाही काहीही मिळणार नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, पदवीधर, धंदा ताडपत्री आणि बॅगा शिवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी रागावलेली आहे, पण हे रागाच्या भरात लिहीत नाही. हा राग चौदा महिन्यांचा आहे आणि चांगला मुरलेला आहे. येत्या गुरुवारी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून आज लिहिते.

१. गेल्या वर्षी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. कारण कलम पाचमध्ये आहे. घाई असणाऱ्यांनी, म्हणजे माझ्या भाच्याने, सरळ तिथे जावे.

२. गोणी ही माझी कुत्री, वय अंदाजे चार. पूर्वी ती आमच्या दुकानाच्या मागच्या अंगणात झोपत असे. माझ्या धाकट्या भावाने टेम्पो मागे घेताना तिच्या कमरेवरून चाक नेले. चूक कोणाकडूनही होते. तेवढीच असती तर मी केव्हाच विसरले असते. पण तो खाली उतरला, त्याने पाहिले, हमालाला म्हणाला, "गोणीत भर आणि नाल्याकडे टाकून ये," आणि हात धुऊन गिऱ्हाइकाला कापड दाखवायला बसला. गोणी हलत होती. मी तिच्या तोंडाची सुतळी सोडली.

"ताई, कुत्र्याला कसलं आलंय ऑपरेशन? इथे माणसांना परवडत नाही."

"माणसाला तू गोणीत घातलं नव्हतंस."

आमचे एवढेच बोलणे झाले. पुढचे सगळे वकीलबाईंमार्फत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्याच करतील.

३. आईच्या चार बांगड्या. त्या कपाटात, गादीखाली किंवा डब्यांत शोधू नयेत. वहिनीने त्यांची चौकशी आजवर सहा वेळा केली आहे. त्या मी विकल्या. आता त्यांची एक पोलादी पट्टी आणि सहा स्क्रू झाले असून ते गोणीच्या डाव्या मांडीत आहेत. वहिनीला बांगड्या पाहायच्याच असतील तर एक्स-रे टेबलाच्या खणात आहे. तो मी तिच्या नावे करते. उजेडासमोर धरावा.

४. बांगड्यांत हाड बसले; पुढची औषधे, ड्रेसिंग आणि पायांचे व्यायाम त्यात बसले नाहीत. मी दवाखान्यात तसे सांगितले. जनावरांच्या डॉक्टरबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुम्हाला काय येतं?"

"शिवता येतं."

"मग शिवा."

तेव्हापासून दर शनिवारी मी त्यांना दोन झोळ्या देते, जाड कापडाच्या, चार मुठींच्या, जखमी जनावर न वाकवता उचलण्याच्या. भावाला कळल्यावर त्याने "दुकानाचा दोरा कुत्र्यांसाठी नाही" म्हणून शिवणखोलीला कुलूप लावले. ते मशीन माझ्या पैशांचे होते. मी कुलूप तोडले आणि भर दुपारी हातगाडीवरून ते घरी आणले. चोरी झाल्याचे त्याने अजून कोणाला सांगितले असेल तर हे कलम त्यांना दाखवावे.

ते मशीन, दोन्ही मोठ्या कात्र्या आणि सुयांचा डबा मी दवाखान्यातल्या कंपाउंडरला देते. तो वाकडे शिवतो, पण पक्के शिवतो. माझी मुदत ठेव आणि दुकानातला माझा अर्धा हिस्सा दवाखान्याला, ज्यांना उपचार परवडत नाहीत अशांच्या जनावरांसाठी. भावाला हिस्सा परत हवा असेल तर त्याने बाजारभावाने घ्यावा. बहीण म्हणून द्यायची ती सवलत मी सव्वीस वर्षे मशीनवर बसून दिली. गल्ल्यावर तो होता.

५. आता माझी स्वतःची चूक. मागच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की भाच्याने गोणीला सांभाळावे आणि तिच्या पश्चात घर त्याचे व्हावे. मला वाटले, मी हुशारी केली. तो दर रविवारी यायला लागला. "आत्या, कशी आहे आपली गोणी?" आपली! मी चहासुद्धा चांगला करत होते त्याच्यासाठी.

मग एके दिवशी तो एकटाच दवाखान्यात गेला.

"डॉक्टर, अशी कुत्री साधारण किती काढतात?"

"सांभाळलं तर आठ-नऊ वर्षं."

"आणि नाही सांभाळलं तर?"

डॉक्टरबाईंनी त्याच दुपारी मला फोन केला. त्याने विचारले ते नीच होतेच. पण त्याला तो प्रश्न मी शिकवला होता. गोणीच्या मरणाला मी घराचे बक्षीस लावले होते, स्वतःच्या अक्षरात, दोन साक्षीदारांसमोर. भाच्याला माझ्याकडून काही नाही. त्याने कारण विचारू नये.

६. गोणी आता चटईवर चौदा पावले चालते. पण तिला अजून स्वतःहून लघवी होत नाही. दिवसातून तीन वेळा पोटाला दोन्ही बाजूंनी हात लावून ती काढावी लागते. एक वेळ चुकली तर ती तळमळते, दोन चुकल्या तर आजारी पडते. म्हणून प्रश्न प्रेमाचा नाही, हातांचा आहे.

खालच्या मजल्यावर निवृत्त परिचारिका राहतात. इमारतीत त्यांना सगळे मेट्रन म्हणतात. गोणीच्या पहाटेच्या व्यायामाच्या आवाजाबद्दल त्यांनी माझ्याविरुद्ध चार लेखी तक्रारी केल्या आहेत; तिसरी तर निव्वळ उद्धट आहे. फेब्रुवारीत मी तापाने फणफणले होते, तेव्हा त्या पाचवी घेऊन वर आल्या.

"लाकडं फोडता का हो पहाटे?" मग त्यांनी गोणीचे पोट पाहिले. "हिची कधीपासून झाली नाही?"

"काल रात्रीपासून. मला उठवत नाही."

त्यांनी पदर खोचला, खाली बसल्या आणि दोन मिनिटांत मोकळी केली. "तुम्ही पुढून दाबता. चुकतं. मागून, असं." नंतर हात धुतले, फरशी पुसली आणि म्हणाल्या, "आता आवाजाचं बोलू." ताप उतरेपर्यंत चार दिवस त्या तीन वेळा आल्या आणि तीन वेळा भांडल्या.

७. माझे घर, आतल्या सामानासह, मी मेट्रनना देते. काल त्यांना तसे सांगितले.

"अट काय?" त्यांनी विचारले.

"काही नाही."

"तुमची अट नाही? ताप बघू पुन्हा."

नाही. गोणी माझ्यानंतर आठवड्यात मेली तरी घर मेट्रनचे, दहा वर्षे जगली तरी मेट्रनचे. त्यांनी तिला ठेवलेच पाहिजे, असेही मी लिहीत नाही. हे वाक्य लिहायला मला सगळी दुपार लागली. एकदा खोडले आणि पुन्हा लिहिले. खाडाखोडीवर सही केली आहे.

८. गुरुवारी सकाळी सहाला मला न्यायला गाडी येईल. गोणीची पहिली वेळ साडेसहाची आहे. किल्ली मेट्रनकडे दिली आहे.

ठिकाण: माझे घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: सोमवार, जून महिन्याची नऊ तारीख

लिहून देणारीची सही

आम्ही दोघांनी बाईंना सही करताना पाहिले. आम्हाला यातून काही मिळत नाही, हे त्यांनी आमच्याकडून दोनदा वदवून घेतले.

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरच्या औषध दुकानाचा मालक, सही
साक्षीदार दुसरी: समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, सही