अजून अशाच पाठवा

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी आज तुमच्या पत्राला उत्तर लिहायला बसलेय. हसू नका. आज दुपारी सातवीच्या वर्गात एका पोरीने असा प्रश्न विचारला की हातातला खडूच खाली पडला.

मी अड्याळच्या शाळेत मराठी शिकवते, हे तुम्हाला कुठून माहीत असणार! तुम्ही गेलात तेव्हा मी भंडाऱ्याला डी.एड. करत होते. आणीबाणीचं साल होतं. आमच्या सरांनी अलंकारांची वही करायला सांगितली होती. उपमा, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती, सगळे. पण उदाहरणं पुस्तकातली नकोत, घरच्या बोलण्यातली हवीत. मी लगेच एकोडीला तुम्हाला पत्र टाकलं. नमुना म्हणून 'मुख कमळासारखं' हेही कळवलं. तुमचं उत्तर आलं, 'आपल्या गावात असं तोंड कोनाचं हाय बाई?'

चौथीपर्यंत शिकलेले तुम्ही, पण काय एकेक पाठवायचात! 'आपला काळ्या बैल सायबासारखा हाय. हाक मारली का दुसरीकडं पायते.' अख्खं वसतिगृह पोट धरून हसलं होतं. मी शेफारले. तुम्हाला बजावलं, आता साधं वाक्य लिहायचंच नाही. दर पत्रात 'जसा' नाहीतर 'सारखा' आलंच पाहिजे. बापाला गृहपाठ देणारी मी कोण लागून गेले होते?

धानाच्या रोवणीच्या दिवसांत तुमचं ते पत्र आलं. 'छातीवर असं वाटते जसा कोनी भिजल्या धानाचा कट्टा ठेवला. दम घ्याले बांधावर बसा लागते.'

बाबा, मी ते वाचलं आणि टाळी वाजवली! होय, टाळी. साधं पोतं नाही, भिजल्या धानाचं पोतं! लाल शाईने वहीत उतरवलं आणि समोर लिहिलं, 'उपमा'. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. त्याच दिवशी तुम्हाला कार्ड टाकलं, 'बाबा, ही सगळ्यात छान. अजून अशाच पाठवा.'

तुम्ही पाठवलीत. 'डावा हात असा होते जसा दुसऱ्याचा हात आपल्या खांद्याले टांगला.' तीही उतरवली. आठव्या दिवशी तार आली. बांधीतच, चिखलात, रोवणी चालू असताना गेलात. सगळे म्हणाले, चालताबोलता गेले, काही त्रास झाला नाही. नऊ वर्षं मीही लोकांना तेच सांगत आले. वही पेटीच्या तळाशी गेली, ती मी उघडली नाही.

आज ती काढली, कारण पुस्तकातल्या कमळाला पोरं जांभया देत होती. तुमच्या बैलावर वर्ग खदखदून हसला. मग मी धानाचा कट्टा वाचला आणि विचारलं, 'कोणता अलंकार?' भराभर हात वर झाले. शेवटच्या रांगेतली वनिता मात्र हात वर न करताच उठली. म्हणाली, 'बाई, मंग त्या मानसाले दवाखान्यात नेलं का नाही?'

पोरं तिला हसली. मी खुर्चीवर बसून तीच ओळ पुन्हा वाचली, मग हाताची ओळ वाचली. इतकं स्वच्छ लिहिलं होतंत तुम्ही! माझ्याच अक्षरात, लाल शाईत, नऊ वर्षं माझ्याच पेटीत!

आई आता माझ्याजवळच असते. घरी आल्याआल्या तिला दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सारून म्हणाली, 'मी तवाच म्हनलं होतं, साकोलीच्या डाक्टरकडं चाला. तं म्हने, पोरीले लिवलं हाय. शिकून राहिली ते, तिले समजन. ते सांगन तसं करू.'

'मग?'

'मंग तुहं कार्ड आलं. वाचून हासले. म्हने, पोरीले आवडलं.'

'आई, मला नऊ वर्षं काहून नाही सांगितलं?'

'काय सांगू? मले वाटलं, तुले मालूम हाय.'

नव्हतं हो बाबा! मला माहीत नव्हतं! आणि तुम्ही तरी 'छातीत दुखते' एवढंच सरळ का नाही लिहिलंत? पण सरळ लिहायला बंदी मीच केली होती ना. आणि ती हाताची ओळ? ती दुखणं सांगायला लिहिलीत, की पोरीला आवडतं म्हणून? हे तेवढं आईलाही सांगता येत नाही.

ओळीसमोरचा 'उपमा' हा शब्द मी खोडलेला नाही. उपमा तर ती आहेच. त्याच्याखाली वनिताचा प्रश्न लिहून ठेवलाय. बाबा, तुम्हाला शब्द देते. दरवर्षी ही ओळ वर्गात वाचीन आणि अलंकार विचारण्याआधी विचारीन, या माणसाला काय होतंय?

उद्या वनिताला उत्तर द्यायचं आहे. 'नाही नेलं गं,' असंच सांगणार आहे. तिने 'काहून?' म्हटलं, तर तेही सांगीन. त्यांच्या मुलीला पत्र वाचता येत नव्हतं.

तुमची शिकलेली पोर,
कुसुम