बाजीरावच्या वाटच्या पुंगळ्या

नजमा, दोहा
१२ जानेवारी १९८३

चि. केसरला दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी खुशाल. काम बदललंय. मालकाला नेमबाजीचा नाद. रायफलीतून उडालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या मी चिंचेच्या पाण्यात घासतो, आई समया घासते तशा. मग वाकड्या तारेनं आतून चाचपतो. तार बुडाशी अडकली की पुंगळी झिजली समजायचं. ती पुन्हा वापरली तर रायफल हातातच फुटते. चांगल्यांत माझ्या जोडीचा अबूबकर दारू नि गोळी भरतो.

आता मन घट्ट कर. मालकाचा नवा ड्रायव्हर म्हणजे तुझा नवरा, बाजीराव. मला पाव्हणं म्हणतो, लाज नाही. दर शुक्रवारी रायफल तपासायला पहिल्या गोळ्या तोच झाडतो.

आईला दंडवत. आठवण ठेव.
तुझा मच्छिंद्रदादा

खडकमाळ
३ फेब्रुवारी

ती. दादास केसरचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आई बरी आहे. तुझं पत्र वाचल्यापासून मला घास उतरत नाही. दुसरी आणायची म्हणून ह्यानंच माझा हात चुलीत धरला. अजून मूठ मिटत नाही, डाव्या हातानं लिहितेय, अक्षर सांभाळून घे. पंच म्हणाले, नवराबायकोचं आहे, मिटवा. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. ती काठी आता तुझ्याकडे आहे. एक झिजलेली पुंगळी त्याच्या वाटच्या गोळ्यांत जाऊ दे. मला त्याचा जीव नको, हात हवा.

भाऊ असशील तर करशील. माया असू दे.
केसर

नजमा, दोहा
२८ फेब्रुवारी

चि. केसरला अनेक आशीर्वाद, वि. वि.

तशी पुंगळी सापडली होती. खिशात घातली, पण हात धजला नाही. हातोडीनं चेचून टाकली. रागाव हवं तर.

पण गप्प बसलो नाही. बाजीरावला गाठून सांगितलं, तुझ्या वाटच्या पुंगळ्या मीच निवडतो आणि केसरचा हात मी विसरलेलो नाही. शुक्रवारी त्यानं डोळे मिटून चाप ओढला. बार नीट झाला तरी घामानं निथळत होता. त्यानं मालकाला सांगावं तर चुलीचं सांगावं लागेल, गोळी झाडायला नाही म्हणावं तर नोकरी खलास. आता रोज माझ्यासाठी चहा आणतो नि विचारतो, चांगल्याच आहेत ना? मी काही बोलत नाही. तू म्हणशील तर निर्धास्त हो म्हणून सांगून टाकतो.

उत्तर लवकर धाड.
तुझा दादा

खडकमाळ
२० मार्च

ती. दादास शि. सा. नमस्कार, वि. वि.

चेचलीस ते बरं केलंस, तुला पाप नको. पत्र आईला वाचून दाखवलं, ती हसली. मी पोटभर जेवले.

त्याच्या पुंगळ्या नीट निवडत जा. एकही वाईट जाऊ देऊ नकोस, त्याच्या नखालाही धक्का नको. त्याला उदंड आयुष्य मिळो. फक्त त्या चांगल्या आहेत, हे त्याला कधी सांगू नकोस.

एवढी माया माझ्यावर राहू दे.
केसर