केसपेपर नसलेला पेशंट

प्रिय टिल्लू,

पंचेचाळिशी उलटलेल्या आणि दारातून आत शिरताना मान वाकवावी लागणाऱ्या माणसाला टिल्लू म्हणणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण दुसऱ्या नावाने सुरुवात केली तर हे पत्र पुढे सरकायचं नाही. हाताने लिहितेय, म्हणजे कुठे काय खोडलं तेही तुला दिसेल. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन, पोस्टाची वाट बघण्याइतका वेळ नाही. फोनवर सांगायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा तू बाबांचे रिपोर्ट विचारलेस, मी ते वाचून दाखवले आणि आपण फोन ठेवला.

तू बाबांशी बोलत नाहीस त्याला पाच महिने झाले. डोळा काढल्याच्या ऑपरेशननंतर व्हिडिओवर त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिलास, त्या दिवसापासून. घरात ताईसारखी डोळ्यांची डॉक्टर असताना वर्षभर पापणीवरची गाठ लपवलीत, आईनेही दुखणं असंच लपवलं होतं, तुम्हा दोघांच्या हट्टापायी आम्ही किती माणसं घालवायची, असं तू म्हणालास. मी शेजारीच उभी होते. बाबांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, चहा टाकतेस का. तेव्हापासून तू फोन मलाच करतोस आणि ते शेजारच्या खोलीत असतात.

आधी त्यांची खबर सांगते. पुढच्या खोलीत शिलाई मशीनशेजारीच त्यांचा पलंग लावलाय, आतल्या खोलीत नको म्हणाले. मशीन बंदच असतं. एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही, त्यामुळे सुईत दोरा ओवायला गेले की दोरा सुईच्या बोटभर अलीकडूनच निघून जातो. पहिल्या आठवड्यात पाणी पेल्याच्या बाहेर ओतायचे आणि टेबलाकडे रागाने बघायचे. पण गप्प बसतील ते बाबा कसले. कोटाच्या अस्तराचे उरलेले तुकडे काढून, चाचपत चाचपत, डोळ्यावर बांधायच्या अकरा पट्ट्या शिवल्या. प्रत्येक शर्टाला मॅचिंग. मी म्हटलं, आमच्या वॉर्डातच दुकान टाका. तर म्हणाले, तुमच्या वॉर्डातली गिऱ्हाइकं टिकत नाहीत. असले विनोद ते हल्ली फार करतात आणि मला दर वेळी हसावं लागतं. गेल्या महिन्यात मानेतल्या गाठी वाढल्या, मग फुप्फुसात डाग दिसले, हे तुला ठाऊक आहे. तुला ठाऊक नाही ते हे, की आता त्यांना एक आख्खं वाक्य एका दमात बोलता येत नाही.

तू एकदा वैतागून विचारलं होतंस, पापणीवरच्या एवढ्याशा गाठीसाठी इतकी कापाकापी कशाला. मी कामात असल्याचं सांगून टाळलं होतं. पापणी म्हणजे नुसती कातडी नाही रे. आतून ओलसर, नाजूक अस्तर असतं, मध्ये ताठपणा देणारी पट्टी आणि वर कातडी. आतलं अस्तर खरखरीत झालं तर दर मिटण्याला ते डोळ्यावर घासतं आणि काही महिन्यांत बुबुळ पांढरं पडतं. वरची पापणी पूर्ण काढावी लागली, तर नवी घडवायचं सामान खालच्या पापणीतून आणतात. तिची कड तशीच ठेवून त्याखाली चीर द्यायची, सगळ्या थरांचा पट्टा त्या कडेमागून वर ओढायचा आणि वरच्या मोकळ्या जागेत शिवायचा. ताठपणासाठी मध्ये कानाची कूर्चा घालायची. तो पट्टा खालून मिळणाऱ्या रक्तावर जगतो, म्हणून लगेच तोडता येत नाही. सहा-सात आठवडे डोळा झाकलेलाच राहतो, मग तो पट्टा कापून उघडायचा.

हे ऑपरेशन आमच्याकडच्या धाकट्या सर्जनने केलं. तिला मीच शिकवलंय, पण घरच्या माणसावर तुम्ही सुरी चालवायची नाही, असा तिने मला दम भरला. आदल्या दिवशी बाबांनी तिला कागदावर आकृती काढायला लावली. नीट बघून म्हणाले, म्हणजे अस्तर आणि कापड एकाच तुकड्यातलं, आणि आतला कॅनव्हास दुसरीकडून आणायचा. ती म्हणाली, अगदी बरोबर. मग त्यांनी विचारलं, माप चुकलं तर आमचं गिऱ्हाईक भांडायला येतं, तुमचं काय करतं? ती हसली. मला हसता आलं नाही. सात आठवड्यांनी डोळा उघडला तेव्हा नव्या पापणीला केस नव्हते, कड जरा जाड होती, पण ती मिटत होती आणि उघडत होती. त्या डोळ्याने बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं. त्यानंतरचे चार महिने बरे गेले.

मग ते दुखणं डोळ्याच्या खोबणीत उतरलं. दुसऱ्या ऑपरेशनला मी आत उभी होते. डोळा, त्याचे स्नायू, भोवतीची चरबी, नवी केलेली पापणी, सगळं हाडापर्यंत काढलं. मागे नुसता खड्डा उरतो. तो तसाच उघडा सोडला तर भरून यायला कित्येक महिने लागतात, म्हणून कानशिलाचा स्नायू आत वळवला आणि त्यावर मांडीची पातळ कातडी अंथरली. ती जागा मी रोज सकाळी स्वतः साफ करते. मिठाचं पाणी, कापूस, चिमटा. बाबा मान वर करून बसतात. वीस वर्षं मी लोकांच्या खोबणी घडवत आले, त्यांत खोटे डोळे बसवले, आरशासमोर बसवून त्यांना धीर दिला. बाबांची खोबण साफ करताना मात्र त्यांच्या दुसऱ्या डोळ्याकडे बघायचं मी टाळते.

तुला आपले शाळेचे कपडे आठवतात का? गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांचे कपडे अंगाला बेतशीर, आणि शिंप्याच्या पोरांची एक बाही लांब, एक आखूड. गिऱ्हाइकाचं माप वहीत उतरायचं, कापडावर खडूच्या खुणा व्हायच्या, ट्रायल व्हायची. आपलं माप कधी वहीत नव्हतंच. घरचं काय, मधल्या वेळात होईल, असं म्हणत बाबा नुसत्या नजरेने कापड कापायचे. तुझी एक पँट तर उभं राहिलं की घोट्यावर आणि बसलं की गुडघ्यावर यायची. आपण त्यावरून त्यांना किती चिडवलंय. तीच खोड मी उचलली, हे मला फार उशिरा कळलं.

बाबांनी गाठ लपवली नव्हती, टिल्लू. ती दिसली त्याच आठवड्यात ते माझ्या ओपीडीत आले होते. डावी वरची पापणी, हरभऱ्याएवढी फुगलेली. मी म्हटलं, रांजणवाडी आहे. जेवणाच्या सुट्टीत त्यांना खुर्चीत आडवं केलं, जागा बधिर केली, पापणी उलटवून आतून चीर दिली आणि खरवडून काढलं. दहा मिनिटांचं काम. केसपेपर केला नाही. बाबांचा कसला आलाय केसपेपर? पाच महिन्यांनी त्याच जागी पुन्हा गाठ आली. पुन्हा जेवणाची सुट्टी, पुन्हा दहा मिनिटं. आता ऐक. उतारवयात रांजणवाडी त्याच जागी परत आली, तर काढलेला तुकडा तपासायला पाठवायचाच, हे मी दर वर्षी नव्या डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात शिकवते. पापणीतल्या तेलाच्या ग्रंथींचा कॅन्सर हुबेहूब रांजणवाडीसारखा दिसतो. एवढं सांगता आलं नाही म्हणून एका मुलाला मी तोंडी परीक्षेत नापास केलंय. त्या दुपारी तो तुकडा माझ्या चिमट्यात होता. पिवळट, नेहमीपेक्षा घट्ट. ते घट्टपण मला जाणवलं होतं. पण पाठवायचं तर केसपेपर हवा, फॉर्म हवा, बाटली हवी, आणि बाहेर अठरा पेशंट बसले होते. मी तो गॉझमध्ये गुंडाळला आणि बादलीत टाकला.

पुढे पापणीचे केस गळायला लागले, कड लाल झाली, तरी मी तीन महिने मलमच देत राहिले. शेवटी धाकट्या सर्जनला बाबा माझ्या दाराबाहेर बसलेले दिसले. तिने त्यांची पापणी उलटवून बघितली आणि आत येऊन मला विचारलं, याचा तुकडा कधी पाठवला होता का. एवढंच विचारलं. केसपेपर तिनेच केला, तुकडाही तिनेच पाठवला.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी तू फोनवर होतास आणि स्पीकर चालू होता. तू मला विचारलंस, ताई, तुझ्या नाकासमोर हे एवढं वाढलं कसं? सांगायला मी तोंड उघडलं होतं, यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. त्याआधीच बाबा बोलले.

"तिला दाखवलंच कुठे मी? घरीच शेकत बसलो होतो."

मी तोंड मिटून घेतलं. आज राहू दे, उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं होतं. मग तुझा राग वाढत गेला, त्यात आईची आठवण पडली, आणि मी आपली दर वेळी तुलाच समजावत राहिले की जाऊ दे रे, म्हातारं माणूस आहे, चुकलं त्यांचं. तू म्हणायचास, तू फार मोठ्या मनाची आहेस, ताई. तेही मी ऐकून घेतलं.

गेल्या बुधवारी ड्रेसिंग करताना मी त्यांना सांगितलं की मी टिल्लूला खरं काय ते कळवणार आहे. त्यांनी माझा हात चिमट्यासकट धरून ठेवला. मग धाप सावरत बोलले.

"तो माझ्यावर रागावलाय ते बरंय. मी गेलो की... संपेल तो राग. तुझ्यावर धरला तर... मागे तुम्हा दोघांना आहे कोण?"

मग तुला काही न सांगण्याची त्यांनी मला शपथ घातली आणि मी हो म्हटलं. त्यांना वाटतं, माणूस गेलं की त्याच्यावरचा राग आपोआप निवतो. पण आई गेल्यानंतरची दहा वर्षं मी तुला पाहतेय. तिने दुखणं सांगितलं नाही, याचा राग तू अजून सोडलेला नाहीस, आणि ज्याच्यावर रागवायचं ते माणूस समोर नाही म्हणून तो तुलाच खातो. बाबांवरचाही तसाच उरेल, आणि तो तर खोटा आहे, माझ्यामुळे झालेला. शिवाय दुपारी लिफ्टचं दार वाजलं की बाबा चटकन उठून बसतात आणि डोळ्यावरची पट्टी सारखी करतात. कुणाची वाट बघता, असं मी विचारत नाही.

म्हणून शपथ मोडतेय. बाबांचे तीन आठवडे उरलेत असं धाकटी सर्जन म्हणते, मला दोनच दिसतात. चूक माझी होती, असं मी काल हॉस्पिटलला लेखी दिलंय, पुढे काय करायचं ते तेच ठरवतील. तुलाही माझं काय करायचंय ते कर. बोलू नकोस माझ्याशी, वर्षभर म्हण, जन्मभर म्हण, मी फोन करून तुझ्या मागे लागणार नाही. पण आधी निघ आणि ये. आलास की त्यांना फार प्रश्न विचारू नकोस, उत्तर देताना धाप लागते आणि मग ते स्वतःवरच चिडतात. तूच बोल, काहीही बोल, ऐकू त्यांना चांगलं येतं. तू दारात दिसलास की मी शपथ मोडली हे त्यांना कळेलच, आणि मग माझी धडगत नाही. तूही तोवर धुमसतच आलेला असशील. दोघांनी मिळून हवं तेवढं चिडा माझ्यावर, पण एका खोलीत बसून चिडा.

तू ठेवलीस तर तुझीच,
ताई