विषय : रुचिकाला सोयीचा डेपो मिळणेबाबत

४ जानेवारी, सकाळी ६.१०
नवी डायरी. विमा एजंटने दिली. फुकटची वस्तू वापरली नाही की माझ्या जिवाला लागतं, म्हणून लिहिणे आले. नव्या वर्षाचे संकल्प तीन. रोज पहाटे फिरायला जाणे. चहा दोन कपांवर आणणे. तिसरा, आणि हा बायकोने, प्रेमिलाने सुचवला : लोकांच्या भानगडीत न पडणे.
थंडी फार आहे. आजचे फिरणे रद्द.

५ जानेवारी
पोरगी चार वर्षांनी सलग आठ दिवस घरात आहे. आणि आज घरात दोन पत्रं. दोन विमान कंपन्या रुचिकाला पायलट म्हणून घ्यायला तयार! एक मोठी कंपनी, मोठं जेट, बेस बंगलोर. दुसरी छोटी, पंख्याचं विमान, बेस नागपूर. बेस म्हणजे डेपो. हे मी तिला समजावून सांगितलं. वीस तारखेपर्यंत कळवायचं आहे.
जेवताना म्हणाली, बाबूजी, सोचून राहिली. म्हणजे सल्ला मागते आहे. तोंडाने मागत नाही, माझ्यावर गेली.
एसटीत बत्तीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस वाहतूक नियंत्रक म्हणून. दोनशे ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावल्या. एका पोरीची लावायला किती वेळ लागतो?
तिसरा संकल्प इथे लागू नाही. पोरगी म्हणजे लोक नव्हेत.

६ जानेवारी
निर्णय झाला. नागपूर.
कारण प्रेमिला. पोरीशिवाय तिला करमत नाही, बिचारी बोलून दाखवत नाही. माझं सोडा, मी कुठेही, कसाही राहू शकतो. हे तिला सांगायला गेलो तर घरी नव्हती, भजन मंडळात गेली होती. काल बचत गट. परवा शेजारणींबरोबर हाजराफॉल धबधब्याला डबा पार्टी. दुःख विसरायला बाई काय काय करते.
चहा चार कप. पाहुणे येऊन गेले, त्यांच्याबरोबर घ्यावा लागतो. पाहुणा एकच होता, पण दोनदा आला.

७ जानेवारी, दुपारी
योजना तयार. डेपो नागपूर, राहणे इथेच, गोंदियाजवळ आपल्या कुडव्यात. आमचे अर्धे ड्रायव्हर गावात राहून डेपोची ड्यूटी करायचे, शेती करायचे, चार पोरांची लग्नं करायचे. मग विमानाच्या ड्रायव्हरला काय अडचण?
पट्टी घेऊन तक्ता आखला. लाल शाईने ड्यूटी, निळ्याने विश्रांती. रुचिकाला दाखवला. तिने स्टँडबाय म्हणून एक भानगड सांगितली. घरी तयार होऊन बसायचं आणि कंपनीचा फोन आला की दीड तासात विमानतळावर हजर व्हायचं. आमच्यात याला राखीव म्हणत. गोंदियाहून नागपूर रेल्वेने दोन तास.
म्हणजे प्रश्न फक्त अर्ध्या तासाचा आहे. तो मी प्रत्यक्ष पाहणी करून सोडवतो.

९ जानेवारी, रात्री ८
पाहणी दौरा. पहाटेची गाडी अगदी वेळेवर. खिडकीची जागा. सोबत घड्याळ, वही, प्रेमिलाच्या नकळत घेतलेली शाल. तुमसरपर्यंतच्या नोंदी व्यवस्थित आहेत. त्यानंतर जरा डोळा लागला.
जाग आली तेव्हा वर्धा.
वर्ध्याला भजी खाल्ली. परतीच्या गाडीत मुद्दाम उभा राहिलो. नागपूर विमानतळाची पाहणी राहून गेली. निष्कर्ष : प्रवास इतका आरामाचा आहे की माणूस उतरायचं विसरतो. रुचिका पायलट आहे, ती झोपणार नाही. एकूण दौरा समाधानकारक.
प्रेमिलाने विचारलं, दिवसभर कुठं होते? म्हटलं, ऑफिसचं काम. म्हणाली, रिटायर होऊन तीन सालं झाली जी, कोनतं ऑफिस?

१० जानेवारी
अंग मोडून आलंय. फिरणे रद्द. चहा पाच कप, त्यातले दोन औषध म्हणून.

११ जानेवारी
एवढी सोपी गोष्ट आधी कशी सुचली नाही. बिरसी! आपल्याच जिल्ह्यात विमानतळ आहे. कुडव्याहून स्कूटीने पोरगी जेमतेम अर्ध्या तासात पोचेल.
रात्री कंपनीने विमान बिरसीला मुक्कामी ठेवायचं. सकाळची पहिली फेरी बिरसीहून. केशोरीची मुक्कामी गाडी मी वर्षानुवर्षं लावली. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावात झोपायचे, पहाटे त्याच गाडीत अर्जुनी मोरगावला शाळेत जाणारी पोरं, दूधवाले, कोर्टाच्या तारखेची माणसं भरून निघायचे. गाडी तिथेच, माणूस तिथेच. विमानाला चाकं असतात, ते उभं राहू शकतं.
रुचिकाला सांगितलं.  ती उठून स्वयंपाकघरात आईकडे गेली. दोघींचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं. घरात आनंद आहे, चांगली गोष्ट आहे.

१२ जानेवारी
रुचिका दिवसभर नागपूरला. मैत्रिणीला भेटायला. मी सोबत येतो म्हटलं, पाहणी उरकता आली असती. म्हणाली, नको बाबूजी, तुमी वर्ध्याले जासान.
प्रेमिलाने सांगितलेलं दिसतं. पण प्रेमिलाला कोणी सांगितलं? भज्यांचा कागद शालीत राहिला होता बहुतेक.

१३ जानेवारी
आज काळजीचा दिवस. रुचिका गच्चीवर जाऊन पाऊण तास इंग्रजीत फोनवर बोलली. मी टाकीतलं पाणी पाहायला तीनदा वर गेलो. तिन्ही वेळा 'बंगलोर' हा शब्द कानावर पडला.
बंगलोर म्हणजे गेली. दिवाळीला दोन दिवस येईल, त्यातला एक प्रवासात जाईल. पुढे तिथेच कोणीतरी सापडेल, मग फोनवर जावई.
ती घरात असली की सकाळी चुळा भरण्याचा, आईशी भांडण्याचा, स्कूटी बाहेर काढण्याचा आवाज येतो. त्या आवाजाने जाग येते तेव्हा बरं वाटतं. म्हणजे प्रेमिलाला बरं वाटतं, असं म्हणायचं आहे मला.
प्रेमिलाशी बोललो. म्हणाली, पोरगी शिकलेली हाय, तिचं तिले समजते. तुमी कायले मधात पडता जी? म्हटलं, मी कुठे पडतोय. आणि मधात न पडता काय करता येईल याचा विचार केला. अर्ज.

१४ जानेवारी, संक्रांत
अर्ज गेला. शेजारच्या केशोरावांनी इंग्रजी केलं. ते भूमी अभिलेखातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, त्यांचं इंग्रजी अजून कामावर आहे. झेरॉक्सच्या दुकानातून छोट्या कंपनीला मेल केला. पत्ता पत्रावर होताच.
विषय : कु. रुचिका श्यामलाल पटले यांना सोयीच्या बेसवर नेमणूक मिळणेबाबत. मजकूर थोडक्यात असा. आई प्रेमिलाबाई अंथरुणाला खिळलेली. मणक्याचा व हृदयाचा त्रास. रात्री मुलीशिवाय कोणी पाहणारे नाही. वडील वृद्ध. तरी नागपूर बेस कायम करून, बाहेरगावचे मुक्काम न देता, रोज घरी येता येईल अशीच ड्यूटी द्यावी. सर्टिफिकेट मागाहून सादर करतो.
आजार जरा चढवून लिहिला, मान्य आहे. अर्ज असाच लिहितात. सेवकराम नावाचा माझा एक ड्रायव्हर होता. केशोरी मुक्काम टाळायला त्याने अर्जात सासूला तीनदा अर्धांगवायू दिला. सासू अजून धानाचे भारे उचलते. मी प्रत्येक अर्जातला निम्मा आजार वजा करून वाचायचो, आणि उरलेल्याची दया येऊन ड्यूटी बदलून द्यायचो. वाचणाऱ्याला कळतंच. निम्मा आजार वजा केला तर प्रेमिला बरीच ठणठणीत निघते.
दुकानातून परत आलो तेव्हा अंथरुणाला खिळलेली प्रेमिला गच्चीवर गाद्या वाळत घालत होती. वरून ओरडली, दुसरं टोक धरा.
आज सण, चहा मोजला नाही.

१६ जानेवारी
उत्तर नाही. उत्तर नसणे हे चांगले लक्षण. फाईल वर सरकली की असंच होतं.
रुचिका दोन दिवस खुशीत आहे. आईला मिठी काय मारते, मला तीळगूळ काय भरवते. बंगलोर ठरलं की काय? काही का असेना, नेमणूक तर नागपूरचीच येणार. मग सांगेन की हे माझं काम. किंवा नाही सांगणार. मोठेपणा करायचा नाही.

१७ जानेवारी, सकाळी ११.४०
छोट्या कंपनीचा मेल आला. रुचिकाने एकदा वाचला, मग उभी राहून पुन्हा वाचला. मग मोठ्याने वाचून मला मराठीत सांगितलं. आपल्या वडिलांच्या पत्रावरून आपल्या आईच्या गंभीर प्रकृतीची माहिती मिळाली. आम्हाला सहानुभूती आहे. आमच्या वैमानिकांना महिन्यातून दहा-बारा रात्री बाहेर राहावं लागतं, रोज घरी परतणं शक्य नाही. अशा वेळी आपल्यावर ताण टाकणं योग्य वाटत नाही. जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली आहे. आईंना लवकर बरं वाटो.
आई तेव्हा पाट्यावर चटणी वाटत होती. वरवंटा थांबला.
त्यांनी काहीच वजा केलं नाही. अख्खा आजार धरला.

त्याच दिवशी, दुपारी
रुचिका ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, बाबूजी, मी नागपूरच घेऊन राहिली होती. सगळं ठरवलं होतं. तेरा तारखेला बंगलोरवाल्यांशी तेच बोलत होती, की घरच्यांसाठी जवळ राहायचं आहे. त्यांना नकाराचं पत्र लिहून ठेवलं, फक्त पाठवायचं होतं. संक्रांतीच्या गडबडीत राहून गेलं, म्हणून तेवढी नोकरी तरी हातात आहे.
कंपनीला फोन करून सांग की आई चांगली आहे, असं मी म्हटलं. तिने केला होता. जागा भरली. आणि बाबूजी, म्हणाली, त्याईले काय सांगू? माझा बाप खोटा का माझी माय?
प्रेमिला म्हणाली, मले खाटेवर पाडताना हात नाही थरथरला तुमचा? मी कुठं बिमार हाव?
केशोरावांच्या इंग्रजीत काहीतरी चूक झाली असणार. 'थोडा त्रास' याला त्यांनी भलताच शब्द वापरला असेल. विचारायला गेलो होतो. त्यांनी कागद दाखवला. शब्द माझेच होते.

१९ जानेवारी
रुचिका बंगलोरला निघाली. प्रेमिला सोबत. घर लावून द्यायला महिनाभर, म्हणाली. जमलं तर दोन महिने. मी म्हटलं, मीही येतो. म्हणाली, तुमी घर पाहा.
गोंदिया स्टेशनवर सामान मी चढवलं. रुचिका पाया पडली. मी बरंच काही ठरवून गेलो होतो, तोंडातून निघालं, पोचली की फोन कर. गाडी वेळेवर सुटली. एरवी आम्ही त्याची नोंद आनंदाने करायचो.
फाटकापर्यंत चालत आलो. याला फिरणे धरावे.

२१ जानेवारी
पोचल्या. फोन प्रेमिलाचा. खोली अकराव्या मजल्यावर, हवा छान, शेजारी मराठी बोलणारी बाई आहे, तिच्या ओळखीने भजन मंडळही सापडलं. प्रेमिलाला करमतंय. माझं म्हणणं होतं की तिला करमणार नाही. ते चुकलं. न करमणारा माणूस दुसराच होता.
चहा दोन कप. संकल्प पाळला गेला. तिसरा कप ठेवायला उठावंसं वाटलं नाही.

२३ जानेवारी, दुपारी ४
नागपूरहून एका अनोळखी माणसाचा फोन. घरं भाड्याने लावून देणारा. म्हणाला, रुचिका मॅडमचा फोन लागत नाही, हा दुसरा नंबर त्यांनी लिहून दिला होता. बारा तारखेला दिवसभर फिरून त्यांनी विमानतळाजवळ घर पसंत केलं होतं, दोन खोल्या आणि मागे अंगण. मालक थांबायला तयार नाही, घेणार का विचारतोय.
मी म्हटलं, एकटीला दोन खोल्या कशाला?
म्हणाला, मॅडम म्हणाल्या आई-वडील राहायला येतील. मी त्यांना वरच्या मजल्यावरची मोठी जागा दाखवली होती, स्वस्तात. नको म्हणाल्या. वडिलांचा डावा गुडघा दुखतो, ते सांगत नाहीत, पण जिना उतरताना भिंत धरतात. तळमजलाच पाहिजे.
गुडघ्याचं मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.
तो विचारत होता, साहेब, काय सांगू मालकाला? म्हटलं, सध्या नको. तो म्हणाला, मग कधी कळवता? म्हटलं, कळवतो.