लिंबापासून तिसरी कबर

अब्बा, परवा शबेबरात झाली. गुडघ्यांमुळे रात्रीच्या गर्दीत कब्रस्तानात जाणं मी सोडलंय, म्हणून दुपारीच राहुरीहून गावी निघालो आणि उन्हं कलल्यावर, अस्रच्या नमाजीनंतर पोचलो. घरी चण्याच्या डाळीचा हलवा झाला होता, पण पूर्वीसारखा दारोदार गेला नाही. सगळ्यांनाच शुगर आहे, असं तुमची सून म्हणाली. मीही वाद घातला नाही. हल्ली कशाचाच घालत नाही.

तुमची कबर कच्चीच ठेवली, दगड लावला नाही. तसं तुम्हीच बजावलं होतं. लिंबापासून तिसरी, एवढीच खूण मी धरून ठेवली. नऊ वर्षं तिथलं गवत उपटतोय, गुलाबाच्या पाकळ्या टाकतोय, फातिहा पढून झाल्यावर तुमच्याशी दोन शब्द बोलतोय. यंदाही ते सगळं झालं आणि मागे वळतो तर कबर खोदणारे बाबा उभे. ते थोडे घुटमळले, मग म्हणाले, "तुमचे अब्बा हितं न्हाईत. लिंबं दोन हुती. त्यांच्याजवळचं त्याच साली वादळात पडलं. हितं सायकलवाले चाचा हायेत."

 इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं विचारलं, तर ते म्हणाले, "मला वाटलं, अब्बांच्या वतीनं तुमी दिलजमाई करताय. लई बरं वाटायचं बघून."

तुमच्या गादीच्या दुकानाशेजारी चाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. तुम्ही कापूस पिंजायला लागलात की तो उडून त्यांच्या ग्रीसला चिकटायचा. त्यावरून एकदा तोंडातोंडी झाली आणि तुम्ही बोलणं टाकलंत. शबेबरातीला हलव्याची ताटं मारवाड्याच्या घरी जात, पाटलांच्या घरी जात, त्या एका दारी जात नसत. मनात अढी ठेवणाऱ्याची दुआ त्या रात्री कबूल होत नाही, हे आम्हाला शिकवलंत तुम्हीच. माझ्या लग्नाच्या वर्षी शबेबरातीला दिवस मावळायच्या आधी चाचा स्वतः तुमच्या दुकानाच्या पायरीवर आले. "कहासुना माफ करा, भाई," एवढंच म्हणाले. तुम्ही गादीला टाके घालत होतात. मान वर केली नाहीत. ते बराच वेळ उभे आहेत, मी तुमच्याकडे बघतोय, आणि तुम्ही मला म्हणता, दोरा संपलाय, दुसरा दे. मी दिला. पुढे ते गेले तेव्हा तुम्ही जनाज्याला खांदासुद्धा दिला नाहीत. मला तुमची लाज वाटली होती अब्बा, आज सांगतो.

बाबांनी तुमची कबर दाखवली. खचली होती, गवत गुडघ्याएवढं. पाकळ्या सगळ्या तिकडे टाकून झालेल्या, त्या उचलून आणणं बरं दिसेना. हातांनी निघेल तेवढं गवत काढलं, फातिहा पढलो. मग बोलायला गेलो तर तोंड उघडेना. आई गेल्यावर तुम्ही माझ्याशी धरलेला अबोला, तुमचा हट्ट, दुकान मी विकल्याची बोच, सगळं बोलून झालं होतं, तेही तुम्ही ज्याचं तोंड बघत नव्हतात त्याच्यापाशी. आणि खरं सांगू, तिथं मला मोकळं वाटायचं. तुमच्यासमोर कधीच वाटलं नाही.

म्हणून हा कागद. तो कुठं पाठवता येणार नाही, हे मलाही कळतं. उशीखाली ठेवीन, मग कधीतरी फाडून टाकीन. पण एक गोष्ट लपवत नाही. निघताना मी पुन्हा चाचांकडेच गेलो आणि तुमच्या वतीनं माफी मागितली. तुम्हाला विचारलं नाही.