शेवटची बस निघून जाईपर्यंत

माय, काल मी तुला स्पीकरवर ऐकलं. म्हणजे तुला नाही, तुझं बोलणं. पण अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही. सध्या मी एका मांडववाल्याकडे साउंडचं काम करून राहिलो. त्याआधी विमानतळाजवळ मिहानच्या एका गोदामात होतो, त्याआधी कोराडीच्या वीज केंद्रात राखेच्या ट्रकवर. तिथल्या ड्रायव्हरचे किस्से वेगळेच आहेत, ते राहू दे. काल विद्यापीठात समाजशास्त्रवाल्यांकडे एका मुलीची पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा होती. ती सगळ्यांसमोर होते, कोणीही येऊन बसावं, कोणीही प्रश्न विचारावा, हे मला कालच कळलं. दोन स्पीकर लावून मी मागे पंख्याखाली बसलो. डोळा लागत होता.

मुलगी गडचिरोलीकडची, गोंड. विषय असा, की एम.ए.ला आलेल्या आदिवासी मुली मधेच शिक्षण काहून सोडतात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, गेल्या त्यांचं लिहिलंत, पण ज्या राहिल्या त्या कशा राहिल्या? ती म्हणाली, हुडकेश्वरच्या आमच्या वसतिगृहात स्वयंपाकाला एक मावशी होत्या, विणकरांच्या घरच्या. माग बंद पडल्यावर पोळ्या लाटायला आलेल्या. माझी झोप उडाली. माय, ती तुझंच सांगत होती. ती सांगते आहे, की मुलगी बॅग भरून निरोप घ्यायला आली की मावशी काही समजवायच्या नाहीत. तुरीच्या शेंगांचा ढीग पुढ्यात ओतायच्या, एवढं सोलून दे अन् मग जा म्हणायच्या. शेंगा संपेपर्यंत गडचिरोलीची शेवटची बस गेलेली असायची. हॉल हसला. मग ती स्वतःचं सांगायला लागली. वर्गात आदिवासींचा धडा आला की सगळे वळून हिच्याकडेच पाहायचे, म्हणून हीही निघाली होती. सोलता सोलता तिने ते तुला सांगितलं, आणि तू मान वर न करता म्हणालीस, “पाहू दे वं. तू बी पाह्य त्याइच्याकडे.”

मान वर न करता, हे तिने नाही सांगितलं. ते मला माहीत आहे. वसतिगृहातल्या पोरींचं तू घरी कधी बोललीच नाहीस, आणि मीही विचारलं नाही. ऐकताना, खरं सांगतो, मला रागही आला. परक्यांच्या पोरींना तू असं धरून ठेवलंस आणि मी बी.ए. अर्धवट टाकून निघालो तेव्हा ना रडलीस, ना ओरडलीस. इटारसीहून फोन केला तर म्हणालीस, जेवला का गा? बस, एवढंच. मला वाटलं, हिने आपल्याला सोडून दिलं. तू वारलीस, तरी मी मनात तेच धरून होतो.

सभागृहातून कोणाला प्रश्न, असं विचारलं गेलं. माइक द्यायला मी उठलो, पण हात कोणाचाच वर नाही. माइक माझ्याच हातात होता. मी विचारून बसलो, “मॅडम, त्या मावशी सगळ्याइलेच थांबवत होत्या का?” सगळा हॉल वळून मांडववाल्याच्या पोराकडे पाहायला लागला. ती मात्र नीट विचार करून बोलली. नाही म्हणाली. जी सरळ फाटकातून गेली तिच्या मागे मावशी कधीच गेल्या नाहीत. त्या म्हणायच्या, “जिले थांबाचं रायते, ते सैपाकघरात येते.”

तिला पदवी जाहीर झाली. टाळ्या वाजल्या, तिचा बाप फेट्याच्या शेवाने डोळे पुसत होता. मी वायर गुंडाळत राहिलो. चुकीची गुंडाळली, पुन्हा सोडली. हे लिहून तरी कुठे पाठवणार. पण माय, मी सरळ फाटकातून गेलो असंच तुला वाटलं असणार. तसं नाही. घर सोडलं त्या दिवशी मी आधी वसतिगृहातल्या तुझ्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलो होतो. आत पोरी होत्या, तू कोणाशी तरी हसून बोलत होतीस, पाठ दाराकडे. मी बराच वेळ उभा होतो.